कॉम्प्रेसर पेडल

कॉम्प्रेसर पेडल हे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडले जाणारे व पायाने चालू-बंद करता येणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. गिटारमधून येणारा विद्युत संकेत ठरावीक पातळीच्या वर गेला की हे उपकरण त्याचे वर्धन आपोआप कमी करते व त्यानंतर संपूर्ण संकेताची पातळी वाढवून देते. त्यामुळे जोराने छेडलेले आणि हळुवार छेडलेले स्वर एकमेकांच्या जवळ येतात, तसेच विरत जाणारा स्वर अधिक काळ ऐकू येतो.

डिस्टॉर्शन, डिले किंवा रिव्हर्ब या पेडलांचा परिणाम ऐकणाऱ्याला तत्काळ जाणवतो. कॉम्प्रेसरचा परिणाम मात्र पुष्कळदा ऐकू येण्याऐवजी वादकाच्या बोटांना जाणवतो. या कारणामुळे त्याची निवड इतर पेडलांच्या तुलनेत अवघड समजली जाते. इलेक्ट्रिक गिटार आणि ॲकॉस्टिक गिटार यांच्या गरजाही भिन्न आहेत. इलेक्ट्रिक गिटारसाठी अनेकदा पेडलचा स्वतःचा रंग हवासा वाटतो, तर ॲकॉस्टिक गिटारसाठी पेडल शक्य तितके अदृश्य राहावे अशी अपेक्षा असते.

## संज्ञा

‘कॉम्प्रेस’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ दाबणे किंवा आकुंचित करणे असा आहे. येथे दाबला जातो तो सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजांमधील पल्ला होय. या पल्ल्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. संगणकावरील ध्वनिफितीचा आकार लहान करण्याच्या प्रक्रियेलाही कॉम्प्रेशन असेच नाव असले, तरी त्या दोन प्रक्रियांचा परस्परांशी संबंध नाही.

जुन्या काळातील अनेक पेडलांवर ‘सस्टेनर’ किंवा ‘सस्टेन’ असा शब्द आढळतो. सस्टेन म्हणजे स्वर टिकून राहणे. हिंदुस्थानी संगीतातील ‘आस’ ही संज्ञा या कल्पनेच्या जवळ जाते. कॉम्प्रेसर तारेला अधिक काळ कंप पावायला लावत नाही. तारेचा कंप नेहमीच्याच गतीने विरत असतो. उपकरण फक्त त्या विरण्याची भरपाई वर्धनाने करते. ज्या कॉम्प्रेसरचे गुणोत्तर १०:१ किंवा त्याहून अधिक असते, त्याला सामान्यतः लिमिटर म्हणतात.

## कार्यतत्त्व

कॉम्प्रेसरच्या परिपथात दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गाने गिटारचा संकेत वर्धन बदलता येणाऱ्या घटकातून पुढे जातो. दुसऱ्या मार्गावर त्याच संकेताची पातळी सतत मोजली जाते आणि त्या मोजमापानुसार पहिल्या मार्गावरील वर्धन कमी-अधिक केले जाते. ध्वनियोजक गायकाचा आवाज चढला की हाताने पातळी खाली ओढतो आणि आवाज उतरला की पुन्हा वर नेतो. तेच काम येथे परिपथ मिलिसेकंदांच्या हिशेबाने करतो.

ज्या पातळीपासून हे नियंत्रण सुरू होते, तिला थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा म्हणतात. उंबरठा ओलांडल्यावर संकेत किती दाबायचा हे गुणोत्तरावर ठरते. उदाहरणार्थ, गुणोत्तर ४:१ असेल आणि संकेत उंबरठ्याच्या ८ डेसिबल वर गेला असेल, तर बाहेर पडणारा संकेत उंबरठ्याच्या केवळ २ डेसिबल वर असतो. म्हणजे ६ डेसिबलची घट होते. ही घट भरून काढण्यासाठी नंतर जे वर्धन दिले जाते, त्याला मेकअप गेन असे नाव आहे.

या शेवटच्या टप्प्यामुळेच हळू स्वर पूर्वीपेक्षा मोठे होतात. मात्र वर्धन स्वर आणि खरखर यांत भेद करत नाही. मेकअप गेन १० डेसिबल दिला, तर पिकअपची गुणगुण, केबलचा आवाज आणि आधीच्या पेडलांची खरखर हेही १० डेसिबलनेच वाढतात. वादन चालू असताना ही खरखर स्वराखाली झाकली जाते. वादन थांबताच दाब सुटतो, वर्धन पूर्ण होते आणि खरखर उघडी पडते.

## इतिहास

कॉम्प्रेसर मूळचा गिटारसाठी निर्माण झालेला नाही. आवाजाच्या अचानक उसळीमुळे प्रक्षेपक यंत्रणेवर भार पडू नये, यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकेतील रेडिओ केंद्रांत पातळी मर्यादित ठेवणारे वर्धक वापरात आले. पुढे ध्वनिमुद्रण कक्षांनी हे तंत्र स्वीकारले. १९५० च्या दशकातील निर्वात नलिकांवर आधारित फेअरचाइल्ड ६६० व ६७०, १९६० च्या दशकातील टेलेट्रॉनिक्स एलए-२ए आणि बिल पुटनम यांनी १९६७ च्या सुमारास आणलेला ११७६ ही या परंपरेतील प्रसिद्ध उपकरणे आहेत. आजच्या अनेक पेडलांची रचना यांपैकी एखाद्या उपकरणाचे अनुकरण करते.

गिटारच्या ध्वनीत कॉम्प्रेशनचा ठळक ठसा उमटल्याचे एक उदाहरण म्हणून द बर्ड्स या अमेरिकन गटाच्या ‘मिस्टर टँबोरिन मॅन’ या १९६५ च्या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख होतो. तीत रॉजर मॅग्विन यांच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारचा स्वर कक्षातील कॉम्प्रेसरमधून नेलेला होता.

पायाने चालवायची छोटी उपकरणे १९७० च्या दशकात लोकप्रिय झाली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या पेडलवर केवळ दोन नॉब होते. त्याच्याशी जवळचे साधर्म्य असलेले राखाडी रंगाचे रॉस कॉम्प्रेसर, तसेच थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायचे डॅन आर्मस्ट्राँग ऑरेंज स्क्वीझर ही त्याच काळातील अन्य उत्पादने होत. जपानमधील बॉस कंपनीने १९७८ मध्ये सीएस-१, १९८१ मध्ये सीएस-२ आणि १९८६ मध्ये सीएस-३ ही पेडले बाजारात आणली.

रॉस कॉम्प्रेसरचे उत्पादन थांबल्यानंतर, विशेषतः फिश या गटाचे गिटारवादक ट्रे अनास्तासिओ यांच्या वापरामुळे, त्या पेडलला संग्राहकांकडून मागणी आली. २००० नंतर कीली, ॲनालॉगमॅन यांसारख्या छोट्या निर्मात्यांनी रॉसच्या धर्तीची पेडले तयार केली. त्यानंतरच्या काळात ध्वनिमुद्रण कक्षातील मोठ्या उपकरणांची क्षमता पेडलच्या आकारात आणण्याकडे निर्मात्यांचा कल झाला. इंग्लंडमधील ओरिजिन इफेक्ट्सचे कॅली७६ हे ११७६ पासून प्रेरणा घेतलेले पेडल त्याचे उदाहरण आहे.

## परिपथानुसार प्रकार

वर्धन बदलणारा घटक कोणता आहे, यावरून पेडलांचे पुढील प्रमुख प्रकार पडतात.

* ओटीए प्रकार : डायना कॉम्प आणि रॉस यांत सीए३०८० ही एकात्मिक चकती वापरलेली होती. या प्रकारात आघात गोलसर होतो, वरच्या स्वरांची धार किंचित बोथट होते आणि दाब स्पष्टपणे जाणवतो. संकेत नसताना वर्धन कमाल राहत असल्याने खरखर तुलनेने अधिक असते.
* प्रकाशीय प्रकार : यात संकेतानुसार एक छोटा दिवा उजळतो आणि त्या प्रकाशाने प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध बदलतो. या रोधकाला पूर्ववत होण्यास वेळ लागत असल्याने दाब सावकाश सुटतो. एलए-२ए मध्ये हेच तत्त्व आहे. कॅनडात तयार झालेले डायमंड कॉम्प्रेसर हे या प्रकारातील परिचित पेडल आहे.
* एफईटी प्रकार : यात फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर वापरतात. प्रतिसाद अतिशय जलद असतो; ११७६ चा ॲटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद इतका कमी आहे. स्वराला तेज आणि पुढे येण्याची वृत्ती लाभते. ऑरेंज स्क्वीझरही ट्रान्झिस्टरच्या याच कुळातील घटकावर आधारलेले आहे.
* व्हीसीए प्रकार : व्होल्टेजने नियंत्रित होणाऱ्या या वर्धकाचा प्रसार डीबीएक्स कंपनीचे संस्थापक डेव्हिड ब्लॅकमर यांच्या कार्यामुळे झाला. नियंत्रण अचूक असते आणि पेडलचा स्वतःचा रंग कमी असतो.
* अंकीय प्रकार : संकेताचे अंकांत रूपांतर करून गणिताने दाब दिला जातो. खालच्या, मधल्या व वरच्या वारंवारतांना स्वतंत्रपणे दाबणे यात सुलभ होते. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हायपरग्रॅव्हिटी या पेडलमध्ये असा तीन पट्ट्यांचा पर्याय आहे.

परिपथाचा प्रकार हा स्वभावाचा अंदाज देतो, हमी नव्हे. एकाच प्रकारातील दोन पेडले भिन्न घटकमूल्यांमुळे पुष्कळ वेगळी वाजू शकतात.

## नियंत्रणे

पेडलवरील नॉबांची संख्या एकपासून सहा-सातपर्यंत असते. एकाच कार्याला निरनिराळे निर्माते निरनिराळी नावे देतात, ही नवख्या वादकाची पहिली अडचण असते.

सस्टेन, सेन्सिटिव्हिटी, कॉम्प्रेशन किंवा इनपुट या नावांचा नॉब बहुधा संकेत किती प्रमाणात दाबला जावा हे ठरवतो. काही पेडलांत तो उंबरठा खाली आणतो, काहींत संकेतच उंबरठ्याकडे वर ढकलतो. दोहोंचा परिणाम सारखाच होतो. लेव्हल, व्हॉल्यूम किंवा आउटपुट हा नॉब बाहेर पडणारी पातळी ठरवतो.

ॲटॅक म्हणजे संकेताने उंबरठा ओलांडल्यापासून दाब पूर्णपणे लागू होईपर्यंतचा काळ. ॲटॅक संथ ठेवल्यास तारेवरील पहिला आघात दाबाविना निसटतो आणि स्वराचा ‘टणत्कार’ राहतो. ॲटॅक जलद ठेवल्यास हा आघातच दाबला जातो आणि स्वर गुळगुळीत होतो.

रिलीज म्हणजे संकेत खाली आल्यावर दाब सुटण्याचा काळ. रिलीज फार संथ असेल, तर एका जोरदार आघातानंतरचे हळू स्वरही दाबले जातात. तो फार जलद असेल, तर वर्धनाची चढउतार श्वासासारखी ऐकू येते. या दोषाला पंपिंग म्हणतात. सर्वसाधारण सुरावटीतील सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते, म्हणजे तिच्या एका आवर्तनास सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. रिलीज या काळाच्या जवळ आला, तर उपकरण स्वराऐवजी लहरीच्या प्रत्येक आवर्तनाचाच पाठलाग करू लागते आणि खर्जात विकृती निर्माण होते.

गुणोत्तर २:१ ते ३:१ असल्यास दाब सौम्य, ४:१ ते ६:१ असल्यास मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजला जातो. दाब उंबरठ्यापाशी एकदम सुरू होतो की हळूहळू वाढत जातो, याला ‘नी’ म्हणजे गुडघा ही संज्ञा आहे. मृदू वळण असलेला गुडघा कानाला कमी जाणवतो.

ब्लेंड किंवा मिक्स हा नॉब मूळ संकेत आणि दाबलेला संकेत यांचे मिश्रण करतो. मूळ संकेतातून आघात व हाताचा जोर मिळतो, तर दाबलेल्या संकेतातून आस मिळते. एखादे पेडल दाबाच्या अतिरेकामुळे नापसंत ठरत असेल, तर केवळ या एका नॉबामुळे ते उपयुक्त ठरू शकते.

प्रत्यक्षात किती डेसिबलची घट होत आहे हे दाखवणारी दिव्यांची पट्टी काही पेडलांवर असते. कॅनडातील एम्प्रेसचे कॉम्प्रेसर आणि एमएक्सआरचे बास कॉम्प्रेसर ही अशी उदाहरणे आहेत. ज्यांच्या कानाला कॉम्प्रेशन अद्याप ओळखू येत नाही, त्यांच्यासाठी ही पट्टी अभ्यासाचे साधन ठरते.

## इलेक्ट्रिक गिटारसाठी निवड

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत निवडीचा पहिला निकष वादनशैली हा असतो.

कंट्री संगीतातील, पिक आणि बोटे यांच्या एकत्रित वापराने केलेल्या ‘चिकन पिकिंग’ वादनात स्वराचा दाबलेला, टपटपीत आघात हाच शैलीचा भाग आहे. टेलिकास्टरसारख्या सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारसोबत त्यासाठी ओटीए प्रकारची दोन नॉबांची पेडले पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहेत. फंक संगीतातील तालबद्ध वादनात प्रत्येक फटका समान उंचीचा असणे महत्त्वाचे असते. तेथे मध्यम ॲटॅक व जलद रिलीज उपयोगी पडतो. संथ, लांबलचक एकल स्वरांसाठी अधिक दाब व संथ रिलीज निवडला जातो. स्लाइड वादनात स्वर सरकत असताना विरू नये म्हणूनही कॉम्प्रेसरचा आधार घेतात.

दुसरा निकष पिकअपचा आहे. हंबकर पिकअपचा संकेत सिंगल कॉइलपेक्षा सामान्यतः बलवान असतो. त्यामुळे सिंगल कॉइलसाठी जुळवलेले पेडल हंबकरच्या गिटारला जोडल्यावर उंबरठा सतत ओलांडला जातो आणि स्वर कोंदटतो. दोन्ही प्रकारच्या गिटार वापरणाऱ्या वादकाला इनपुटची पातळी जुळवता येणारे पेडल सोयीचे पडते.

तिसरा निकष ॲम्प्लिफायर व इतर पेडले यांचा आहे. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही पेडले लहरींची शिखरे छाटतात. अर्थात तीही एक प्रकारे पल्ला आकुंचित करतात. तीव्र डिस्टॉर्शनवर वादन करणाऱ्याला वेगळ्या कॉम्प्रेसरमधून आणखी आस फारशी मिळत नाही, खरखर मात्र निश्चित वाढते. स्वच्छ किंवा किंचित खरखरीत स्वरात वाजवणाऱ्याला या पेडलचा लाभ सर्वाधिक होतो.

वरच्या स्वरांची धार कमी होण्याची तक्रार असल्यास टोन किंवा ब्लेंड नॉब असलेले पेडल निवडले जाते. बॉस सीएस-३ वर लेव्हल, टोन, ॲटॅक व सस्टेन असे चार नॉब आहेत. मूळच्या डायना कॉम्पवर आउटपुट व सेन्सिटिव्हिटी हे दोनच आहेत. नॉब कमी असणे हा सदैव उणेपणा नसतो. ज्याला एकच ठरावीक परिणाम हवा आहे आणि तो दोन नॉबांत मिळतो, त्याला अधिक नॉबांचा उपयोग नसतो.

## ॲकॉस्टिक गिटारसाठी निवड

ॲकॉस्टिक गिटारचा ध्वनी लाकडी पेटीच्या गुंजनातून घडतो आणि त्याच्या सौंदर्याचा मोठा भाग हळू व मोठ्या आवाजांच्या फरकात असतो. त्यामुळे येथे दाब सौम्य ठेवण्याची प्रथा आहे. बोटांनी स्वतंत्र तारा छेडणे आणि पिकने सर्व तारांवर फटका मारणे या दोन प्रकारांच्या आवाजात मोठे अंतर पडते. एकाच गीतात दोन्ही येत असतील, तर ते अंतर श्रोत्याला सुसह्य करणे हे कॉम्प्रेसरचे मुख्य कार्य ठरते.

आरंभासाठी २:१ ते ३:१ गुणोत्तर, २० ते ४० मिलिसेकंद ॲटॅक, १०० ते २५० मिलिसेकंद रिलीज आणि जोरदार फटक्यावर ३ ते ६ डेसिबल घट अशी मूल्ये घेतली जातात. त्यानंतरचे फेरफार वाद्य आणि सभागृह यांवर अवलंबून असतात. या गरजेला प्रकाशीय व व्हीसीए प्रकारची, तसेच ब्लेंड असलेली पेडले सहसा अधिक मानवतात. एल. आर. बॅग्सचे अलाइन सेशन यांसारखी काही पेडले खास ॲकॉस्टिक वाद्यांसाठी तयार केलेली आहेत.

निवड करताना पुढील चार बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

इनपुट इंपीडन्स. अनेक ॲकॉस्टिक गिटारांच्या घोडीखाली पिझो पिकअप असतो. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प नसेल, तर अशा पिकअपला १ मेगाओम किंवा त्याहून बराच अधिक इनपुट इंपीडन्स लागतो. तो कमी पडल्यास खर्ज नाहीसा होतो आणि स्वर पातळ, कर्कश वाटतो. अशा वेळी दोष कॉम्प्रेसरच्या दाबाचा नसून जोडणीचा असतो. आधी प्रीॲम्प जोडल्यास तो दूर होतो.

हेडरूम. अंतर्गत प्रीॲम्प असलेल्या गिटारचा संकेत बलवान असतो आणि पिझोवरील आघात अत्यंत टोकदार असतो. पेडलचा परिपथ ही शिखरे सामावू शकला नाही, तर फटक्याच्या क्षणी तडतड ऐकू येते. काही पेडले ९ व्होल्टऐवजी १८ व्होल्टवर चालवता येतात आणि त्यामुळे हेडरूम वाढते. निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच असा पुरवठा द्यावा लागतो. अन्यथा पेडल निकामी होण्याचा धोका असतो.

फीडबॅक. ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजाने गिटारची पेटी पुन्हा कंप पावू लागली की घुमणारा किंवा किंचाळणारा स्वर उमटतो. मेकअप गेन ६ डेसिबल दिला, तर शांत क्षणी संपूर्ण यंत्रणा फीडबॅकच्या ६ डेसिबल अधिक जवळ जाते. या कारणाने घरी उत्तम वाटलेली जुळवणी रंगमंचावर निरुपयोगी ठरू शकते. स्वरछिद्रावर रबरी झाकण लावणे, त्रासदायक वारंवारता इक्वलायझरने कमी करणे आणि मेकअप गेन आवरता घेणे हे त्यावरील प्रचलित उपाय आहेत.

ध्वनियोजकाकडील कॉम्प्रेसर. सभागृहातील डिजिटल मिक्सरवर प्रायः प्रत्येक वाहिनीसाठी कॉम्प्रेसर उपलब्ध असतो. वादकाने पेडलने दाबलेला संकेत ध्वनियोजकाने पुन्हा दाबला, तर स्वर निर्जीव होतो. जो वादक केवळ अशा सभागृहांतच वाजवतो, त्याला स्वतंत्र पेडलची गरज नसण्याचीही शक्यता असते.

## जोडणीतील स्थान

इलेक्ट्रिक गिटारच्या जोडणीत कॉम्प्रेसर सामान्यतः आरंभी, ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवतात. त्यामुळे आधीच्या पेडलांची खरखर वाढत नाही आणि ओव्हरड्राइव्हला समान पातळीचा संकेत मिळतो. ओव्हरड्राइव्हनंतर ठेवल्यास पातळी समान होते, परंतु खरखरही वर येते. काही जुन्या धर्तीची फझ पेडले थेट गिटारला जोडली जाण्याची अपेक्षा करतात. त्यांच्या बाबतीत कॉम्प्रेसर नंतर ठेवला जातो.

व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरनंतर ठेवणे इष्ट असते. ते आधी ठेवल्यास पायाने कमी केलेला आवाज कॉम्प्रेसर पुन्हा वाढवू पाहतो. डिले आणि रिव्हर्ब हेही नंतरच येतात, अन्यथा प्रतिध्वनीचे विरणे कृत्रिमरीत्या फुगते. ॲकॉस्टिक गिटारच्या जोडणीत प्रथम प्रीॲम्प, मग अतिरिक्त खर्ज काढणारा इक्वलायझर आणि त्यानंतर कॉम्प्रेसर असा क्रम उपयुक्त ठरतो. पेटीवर हाताचा धक्का बसून उठणाऱ्या खर्जाच्या दणक्याने सारा स्वर दाबला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

## वीजपुरवठा व खरखर

बहुतांश पेडले ९ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात आणि त्यांच्या जॅकचा मध्यबिंदू ऋण असतो. काही पेडलांत हा क्रम उलटा असल्याने जोडण्यापूर्वी पेडलवरील खूण पाहणे आवश्यक असते. भारतातील घरगुती वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. निकृष्ट अडॅप्टर वापरल्यास ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण संकेतात शिरते आणि कॉम्प्रेसर ती ठळक करतो. अनेक पेडले एकाच अडॅप्टरवर चालवताना हा त्रास वाढतो. प्रत्येक पेडलसाठी विलग पुरवठा देणारी वीजपेटी वापरल्यास तो बहुधा कमी होतो. कॉम्प्रेसर सदोष आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते पेडल एकटेच, बॅटरीवर चालवून पाहणे हा सोपा पडताळा आहे; मात्र सर्वच पेडलांत बॅटरीची सोय नसते.

## खरेदीपूर्वीची चाचणी

किंचित मोठा आवाज मानवी कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो. कॉम्प्रेसरच्या निवडीत होणारी सर्वांत सामान्य चूक यातून उद्भवते. पेडल चालू करताच आवाज वाढला, तर ऐकणारा कॉम्प्रेशनला पसंती देत आहे की मोठ्या आवाजाला, हे कळत नाही. म्हणून चाचणीच्या आरंभी पेडल चालू आणि बंद असताना आवाज सारखाच राहील अशा रीतीने लेव्हल जुळवून घ्यावी लागते. एकाहून अधिक पेडलांची तुलना करतानाही हाच नियम लागू होतो.

पातळी जुळल्यानंतर पुढील गोष्टी क्रमाने तपासता येतात.

* एकच स्वर प्रथम हळू, मग जोराने छेडून दोहोंत इष्ट तेवढा फरक उरतो का.
* जोरदार फटक्यानंतर लगेच हळू स्वर वाजवल्यास तो दबून जातो का.
* सर्वांत जाड तारेवर विकृती येते का.
* स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकल्यास तो सहज विरतो की मध्येच उसळतो.
* तारांवर हात ठेवून शांत राहिल्यास खरखर सहन होण्याजोगी आहे का.

ही तपासणी दुकानातील गिटारवर न करता स्वतःच्या गिटारवर केल्यास निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरतो, कारण पिकअप बदलताच उंबरठ्याशी असलेले नाते बदलते. एखाद्या नामवंत वादकाच्या ध्वनिमुद्रणावरून पेडल निवडताना त्या स्वरात कक्षातील कॉम्प्रेसरचाही वाटा असतो, हे विसरता येत नाही.

## मर्यादा व मतभेद

कॉम्प्रेसरच्या वापराविषयी गिटारवादकांत आणि शिक्षकांत मतभेद आहेत. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते, हळू आणि जोरकस स्वरांतील फरक हाच वादकाच्या भावाविष्काराचा गाभा असून उपकरणाने तो पुसला जातो. विशेषतः नवशिक्याचा हात असमान असताना कॉम्प्रेसर ती असमानता झाकतो, आणि दोष ऐकूच आला नाही तर तो सुधारलाही जात नाही. या कारणाने सराव पेडलविना करावा, असा सल्ला दिला जातो.

समर्थकांचे म्हणणे असे की, ढोलकसंच, बास आणि गायन यांच्या साथीत गिटारचे हळू स्वर श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ते पोहोचवणे म्हणजे भाव पुसणे नव्हे. कंट्री किंवा फंकसारख्या शैलींत तर दाबलेला स्वर हाच अपेक्षित स्वर आहे. शिवाय ॲटॅक, गुणोत्तर व ब्लेंड यांच्या योग्य जुळवणीने हाताच्या वजनाला वाव ठेवता येतो.

दोन्ही मतांत एक बाब समान आहे. कॉम्प्रेसर वादनातील फरक कमी करतो. जो फरक वादकाने निर्माणच केला नाही, तो हे उपकरण उत्पन्न करू शकत नाही. म्हणून या पेडलची निवड करताना कोणता फरक कमी करायचा आहे आणि कोणता जपायचा आहे, हे आधी निश्चित करावे लागते. परिपथ, नॉबांची संख्या आणि किंमत यांचा विचार त्यानंतर येतो.

## हे सुद्धा पहा

* इलेक्ट्रिक गिटार
* ॲकॉस्टिक गिटार
* ध्वनिवर्धक
* डेसिबल
* ध्वनिमुद्रण